जुनी स्पोर्ट्स कार घेण्याआधीची तपासणी: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी लोक मंडईत जातात, मी कुणाच्या तरी होणाऱ्या गाडीखाली उभा असतो. मी मेकॅनिक नाही, हौशी माणूस आहे. एकदा स्वतः फसलो आणि मग शिकलो. त्यामुळे फोनवर तेच ते प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. प्री-पर्चेस इन्स्पेक्शन म्हणजे नक्की काय? मेकॅनिक मित्राला सोबत नेलं की झालं ना?

मित्र बोनेट उघडतो, दोनदा रेस देतो, ‘इंजिन मक्खन आहे’ म्हणतो आणि आपण वडापाव खाऊन परत येतो. ती तपासणी नव्हे, सहल झाली. तपासणी म्हणजे विकणाऱ्याशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसाने, तुमच्या पैशाने, गाडी लिफ्टवर घेऊन, त्या कंपनीच्या गाडीतल्या सगळ्या मॉड्यूलशी (छोट्या संगणकांशी) बोलणारा स्कॅनर लावून आणि रस्त्यावर चालवून केलेलं काम. नीट केली तर अर्धा दिवस जातो. शेवटी हातात लेखी यादी हवी: लगेच काय करावं लागेल, वर्षभरात काय निघेल आणि कशाकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल. ‘गाडी पास’ एवढंच लिहून देणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

२. आमची काही पोर्श नाही. ऑक्टाविया आरएस किंवा मिनी कूपर एससाठीही एवढं करायचं?

हो, आणि जरा जास्तच काळजीने. महागड्या गाड्या बहुतेक वेळा उभ्या राहून बिघडतात (प्रश्न ९), तर या गाड्या दामटवल्यामुळे आणि रिमॅपमुळे, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या संगणकाचं सॉफ्टवेअर बदलल्यामुळे (प्रश्न १६).

३. डीलरकडची गाडी ‘सर्टिफाइड’ आहे. शेकडो मुद्द्यांचा रिपोर्टही दाखवला. मग परत तपासायची कशाला?

तो रिपोर्ट विकणाऱ्याने काढलेला आहे म्हणून. त्यातले बरेच मुद्दे ‘काच खाली होते’, ‘हॉर्न वाजतो’ असल्या जातीचे असतात. इंजिनचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), गिअरबॉक्सच्या ऑइलचं वय, छताच्या हायड्रॉलिकची अवस्था त्यात शोधून पाहा. वॉरंटी देत असतील तर तिच्या मागच्या पानावर काय वगळलंय ते आधी वाचा. टर्बो, मेकाट्रॉनिक (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं नियंत्रण करणारा भाग), सस्पेन्शन वगळलं असेल, तर उरतं ते बिघडतच नाही.

४. ठाण्यात किंवा नवी मुंबईत तपासणी कुठे करायची? कंपनीचं सर्व्हिस सेंटर बरं की बाहेरचं गॅरेज?

कंपनीकडे जुनी जॉब कार्डं असतात, अस्सल स्कॅनर असतो. मात्र तिथे यादी ‘बदला, बदला, बदला’ अशी येते. बाहेरच्या चांगल्या गॅरेजवाल्याला कुठला पार्ट खरोखर जातो आणि कुठला नुसता आवाज करतो ते ठाऊक असतं. माझा रिवाज असा: इतिहास कंपनीकडून, तपासणी बाहेर. वागळे इस्टेट, रबाळे, तुर्भे या पट्ट्यात युरोपियन गाड्यांवर काम करणारी गॅरेजेस आहेत. नावं विचारू नका, कारीगर बदलला की गॅरेज बदलतं. त्यापेक्षा फोनवर तीन गोष्टी विचारा. हेच इंजिन पूर्वी उघडलंय का? लिफ्टचे हात इतक्या खाली बसलेल्या गाडीखाली जातात का? स्कॅनर फक्त इंजिनचे कोड वाचतो, की गिअरबॉक्स, एबीएस, एअरबॅग, छत सगळं?

एक पथ्य. ती गाडी आजवर ज्या गॅरेजात जात आली तिथे तपासणी नको. त्या माणसाशी चहावर बोला, जुनी बिलं बघा, पण निर्णय त्याच्यावर सोडू नका. त्याचं जुनं गिऱ्हाईक विकणारा आहे, तुम्ही नाही.

५. विकणारा म्हणतो, मेकॅनिक सोसायटीत आणा, गाडी बाहेर नेऊ देणार नाही. काय करू?

त्याची भीती खोटी नाही. अनोळखी माणसाच्या हाती तीस-चाळीस लाखांची गाडी कोण देईल? म्हणून सांगा, ‘साहेब, तुम्हीच चालवत या, पेट्रोल आणि लिफ्टचे पैसे माझे.’ पार्किंगमध्ये रंग, पॅनल आणि थंड स्टार्ट बघून होतो, पण गाडीखालचं काही दिसत नाही. एवढं सांगूनही नाही म्हणाला, तर मी तिथून निघतो. ‘तीन पार्ट्या लाइनमध्ये आहेत’ असं ऐकू येईल. त्यांना घेऊ द्या.

६. खर्च किती येतो, आणि तो कोणी द्यायचा?

तुम्हीच द्यायचा. पैसे ज्याचे, रिपोर्ट त्याचा. रक्कम गाडीवर आणि कामावर ठरते. स्कॅन आणि लिफ्ट एवढंच असेल तर कमी, स्पार्क प्लग काढून कॉम्प्रेशन आणि बोअरस्कोप (सिलिंडरच्या आत घालायचा बारीक कॅमेरा) करायचा तर जास्त. पण अशा गाडीचा नव्या टायरचा सेट घ्यायला गेलात की तपासणीचं बिल स्वस्त वाटायला लागतं.

७. गाडी बघायला जाण्याआधी कोणते कागद मागवू?

आरसी, विम्याची पॉलिसी, पीयूसी आणि सर्व्हिसची बिलं, सगळ्यांचे फोटो आधी मागवा. नोंदणीची माहिती एमपरिवहन या सरकारी ॲपवर पडताळा आणि ई-चलनं बाकी आहेत का ते बघा. स्पोर्ट्स कारवर वेगाची चलनं साचलेली असतात. ती मालकाच्या स्वभावाबद्दलही थोडं सांगतात.

आरसीवर बँकेचा बोजा असेल तर कर्ज फेडल्याचं तोंडी सांगणं पुरत नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवा. मालकी बदलाला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतून गाडी येत असेल तर फॉर्म २८. एमएच-०४ ठाणे आणि एमएच-४३ वाशी एकमेकांच्या शेजारी असले तरी ही दोन वेगळी कार्यालयं आहेत, हे लक्षात ठेवा. चासी नंबर आरसीशी ताडताना स्टिकरवर विसंबू नका, पत्र्यावर ठोकलेला नंबर वाचा. नंबरप्लेट बघून प्रेमात पडू नका. ‘०००१’ने गाडी वेगात पळत नाही.

८. ‘इंजिन थंड असताना बघा’ असं सगळे म्हणतात. का?

गरम इंजिन गोड बोलतं. टायमिंग चेनच्या टेन्शनरची खडखड, टर्बोच्या वेस्टगेटचा आवाज, सुरू होताना निघणारा निळा धूर, थंड गिअरबॉक्सचा पहिल्या-दुसऱ्यातला झटका हे सगळं पहिल्या मिनिटभरात कळतं, मग विरून जातं. म्हणून विकणाऱ्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवा की चावी मी आल्यावरच लावा. पोचल्यावर बोनेटला हात लावा. तो कोमट लागला तर ‘जरा आधी हलवून ठेवली होती’ हे वाक्य ऐकायला मिळेल. मी हेच वाक्य ऐकून, हसून गाडी घेतली होती. दोन महिन्यांनी चेनचं काम निघालं.

९. गाडी दहा वर्षांची, पण मीटर फक्त १४ हजार किलोमीटर. ही तर नवीच म्हणायची ना?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आहे आणि माझं उत्तर ऐकून लोक नाराज होतात. आपल्याकडे कमी किलोमीटरची गाडी म्हणजे कुमारिका, असा समज आहे. मी उभी राहिलेली वर्षं मोजतो.

१४ हजार भागिले दहा वर्षं म्हणजे महिन्याला सव्वाशेच्या आसपास किलोमीटर. तीही रोज नव्हे. दिवाळीत एकदा, बायकोच्या वाढदिवसाला एकदा, एरवी कव्हरखाली. घोडबंदरच्या टॉवरचं बेसमेंट असो की पाम बीचची खाडीकडची बाजू, दमट आणि खारट हवा बाराही महिने. अशा जागी उभ्या गाडीत काय होतं ते क्रमाने बघा.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. रबरी सील चालत्या गाडीत ऑइलने ओले राहतात, उभ्या गाडीत सुकतात, आणि गाडी नियमित चालू लागली की दोन महिन्यांत पाझरतात. ब्रेकच्या डिस्क गंजतात. टाकीतलं पेट्रोल शिळं होतं. बॅटरी पुन्हापुन्हा उतरली की वेगवेगळी मॉड्यूल खोटे फॉल्ट दाखवतात, आणि खरा कुठला ते शोधायला आणखी वेळ जातो. उंदरांचं तर वेगळंच. ठाण्याच्या बेसमेंटमधल्या उंदरांना जर्मन वायरिंगची गोडी लागलेली आहे. बोनेटच्या आतलं इन्सुलेशन कुरतडलेलं, एअर फिल्टरच्या डब्यात कापसाचं घरटं दिसलं, तर वायरिंग बोटाने चाचपून घ्या.

टायरची नक्षी भरगच्च दिसेल, पण बाजूला चार आकडे वाचा. ३५१६ म्हणजे २०१६ सालचा ३५वा आठवडा. एवढ्या जुन्या टायरचं रबर कडक झालेलं असतं, ओल्या रस्त्यावर पकडत नाही. टायरच्या खर्चाची रक्कम सरळ किमतीतून वजा करून मागा.

गाडी फक्त गेटपर्यंत आणि परत फिरवली असेल तर ते आणखी वाईट, कारण ऑइल कधी पूर्ण तापत नाही आणि त्यातलं पाणी उडून जात नाही. ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर आधी हाच संशय घ्या, मग हेड गॅस्केटचा. दर रविवारी पहाटे लोणावळ्याला जाऊन येणारी ४५ हजारांची गाडी, बिलांसकट, मी डोळे मिटून आधी बघेन.

याला अपवाद आहे. मालक दरवर्षी, किलोमीटर न बघता, ऑइल आणि वेळेवर ब्रेक ऑइल बदलत आला असेल, पार्किंगमध्ये बॅटरीला हळूहळू भरत ठेवणारा ट्रिकल चार्जर लावलेला असेल, तर १४ हजारांची गाडी खरोखर सोनं. बिलावरच्या तारखा बघा, आकडे नव्हे.

१०. मीटर मागे फिरवलंय का, हे कसं ओळखायचं?

किलोमीटरचा आकडा फक्त डॅशबोर्डवर नसतो. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सच्या किंवा इतर मॉड्यूलमध्येही तो नोंदलेला असतो, बीएमडब्ल्यूच्या चावीतसुद्धा. स्कॅनरवाल्याला सगळीकडचे आकडे काढायला सांगा. शिवाय सर्व्हिस बिलावरचे आकडे तारखेने लावा. २०१९ ला ३८ हजार आणि २०२२ ला २६ हजार, असंही मी पाहिलं आहे. स्टीअरिंगचं लेदर, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड आणि पेडलचं रबर यांना खोटं बोलता येत नाही. ही रबरं नवीकोरी असली तरी विचारा का बदलली.

११. ‘ओरिजिनल पेंट’ म्हणतात. अपघात झाला नाही हे कशावरून मानायचं?

मायक्रॉन मोजणारं यंत्र लावा. कंपनीचा रंग बहुतेक गाड्यांवर साधारण ८० ते १५० मायक्रॉनच्या आत येतो. २००-३०० म्हणजे दुसरा हात, आणि पाचशेच्या वर गेला की खाली पुट्टी आहे असं धरून चाला. तीन फसगती सांगून ठेवतो. गाडीवर पीपीएफ (रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म) असेल तर आकडा दीडशे-दोनशेने वाढतो. बोनेट किंवा दरवाजे ॲल्युमिनियमचे असतील तर लोखंडापुरतं यंत्र चालत नाही. आणि प्लास्टिकच्या बंपरवर किंवा कार्बन फायबरवर त्याला काहीच कळत नाही.

बंपर रंगवलेला असणं हा ठाण्यात दोष नाही, रिक्षा सर्वांनाच लागते. घाबरायचं ते पिलर, छप्पर आणि पुढच्या एप्रनवरच्या (बोनेटखालच्या आतल्या पत्र्यावरच्या) रंगाला. मडगार्डच्या बोल्टच्या डोक्यावरचा रंग निघालाय का, काचांवरची सालं जुळतात का, एअरबॅगच्या मॉड्यूलमध्ये अपघाताची नोंद आहे का, हेही बघा.

पॉलिसीवर ५० टक्के नो क्लेम बोनस दाखवून ‘कधी क्लेमच नाही’ म्हणतील. बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. तो दुसऱ्या गाडीवरून इथे आणता येतो. म्हणून या गाडीच्या प्रत्येक वर्षाच्या पॉलिसी मागा.

१२. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी ओळखता येते का?

येते, वेळ दिला तर. वंदना टॉकीजजवळ पाणी साचतं हे ठाण्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे, बेसमेंटमध्ये किती साचतं ते फक्त वॉचमनला. त्याच्याशी बोला. मग सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ उरते. डिकीतला गालिचा उचला, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ बघा. सीटच्या खालचे बोल्ट गंजलेले आणि वरचं लेदर नवं, ही जोडी वाईट. खाली बसणाऱ्या गाड्यांत बरीच मॉड्यूल सीटखाली किंवा गालिच्याखाली असतात, त्यामुळे घोट्याएवढं पाणीसुद्धा पुरेसं होतं. अशी गाडी अर्ध्या किमतीतही घेऊ नका.

१३. लिफ्टवर घेतल्यावर खाली नेमकं काय बघायचं?

गायमुखच्या घाटातले खड्डे आणि सोसायटीचा रॅम्प यांनी सोडलेल्या खुणा. ऑइल चेंबरवर ओरखडा चालेल, चेपलेला किंवा वेल्डिंग केलेला नको. खालची प्लास्टिकची ट्रे गायब असेल तर विचारा कुठे पडली. अलॉयला आतल्या बाजूने टॉर्च मारा, बाहेरून सुरेख दिसणारं चाक आतून चिरलेलं आणि वेल्ड केलेलं असतं. शॉकअपची गळती, बुश, ड्राइव्ह शाफ्टचं फाटलेलं बूट ही नेहमीची यादी. ट्रे धुवून पुसून चकाचक असेल तर टेस्ट ड्राइव्हनंतर पुन्हा लिफ्टवर घ्या, गळती असेल तर तेव्हा दिसते.

१४. स्कॅनमध्ये एकही फॉल्ट आला नाही. म्हणजे गाडी निर्दोष?

कदाचित आदल्या रात्री कोड पुसले असतील. स्कॅनरमध्ये ‘रेडिनेस’ बघा. उत्सर्जनाच्या स्वयंचाचण्या अपूर्ण दिसल्या तर कोड नुकते पुसले असण्याची किंवा बॅटरी काढली असण्याची शक्यता आहे. पन्नासेक किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅन करा.

पोर्शमध्ये आणखी एक खजिना आहे: ओव्हर-रेव्हची नोंद. मॅन्युअल गाडीत चौथ्याऐवजी चुकून दुसरा पडला की इंजिन मर्यादेपलीकडे फिरतं आणि संगणक ते लिहून ठेवतो, इंजिनच्या कितव्या तासाला झालं तेही. ९९७च्या (९११चं एक मॉडेल) दुसऱ्या पिढीपासून याचे सहा टप्पे आहेत. चौथ्या टप्प्यापासून वरच्या नोंदी असतील, त्याही अलीकडच्या, तर कॉम्प्रेशन आणि लीकडाउन (सिलिंडरमधून हवा किती गळते त्याची चाचणी) केल्याशिवाय पुढे बोलू नका.

१५. कुठल्या मॉडेलची कुठली दुखणी ठरलेली आहेत?

यादी मोठी आहे, इथे वारंवार विकायला येणाऱ्या गाड्यांपुरतं सांगतो.

पोर्शची ९८६, ९९६ आणि ९८७-९९७ची पहिली पिढी (बॉक्स्टर, केमन, ९११): आयएमएस बेअरिंग (इंजिनच्या आतल्या मधल्या शाफ्टचं) आणि सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे. एकाच बाजूच्या पाइपात काजळी, थंडपणी टकटक आणि ऑइल पिणं या खुणा. बोअरस्कोप लावलाच पाहिजे. २००९च्या मॉडेलपासून इंजिन बदललं, त्यात ते बेअरिंगच नाही.

बीएमडब्ल्यू ई९२ एम३चं व्ही८: रॉड बेअरिंग आणि थ्रॉटल ॲक्च्युएटर. बेअरिंग बदलल्याचं बिल असेल तर गाडीची किंमत वाढवून द्यायलाही हरकत नाही.

जुनी बीएमडब्ल्यू झेड४ (ई८५): छताची हायड्रॉलिक मोटर अशा खोबणीत बसते की पाण्याची नळी तुंबली की ती बुडते. आपल्या पावसाळ्याला हे आमंत्रणच. छत तीनदा उघडबंद करून बघा.

मिनी कूपर एसचं आर५६ (सुरुवातीचं एन१४ इंजिन): टायमिंग चेनचा टेन्शनर आणि हाय-प्रेशर पेट्रोल पंप. थेट इंजेक्शनमुळे व्हॉल्व्हवर काजळीही साचते.

फोक्सवॅगन-स्कोडा: सात गिअरच्या कोरड्या क्लचची डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) ट्रॅफिकमध्ये झटके देते, मेकाट्रॉनिक जातं. कापूरबावडीच्या जॅममध्ये दहा मिनिटं पुढेमागे सरकवून बघा, यापेक्षा चांगली चाचणी नाही. ऑक्टाविया आरएसची डीएसजी ओल्या क्लचची आहे. ती जास्त टिकते, पण तिचं ऑइल वेळेवर बदललंय याचं बिल हवंच.

कार्बन-सिरॅमिक ब्रेक असलेली कुठलीही गाडी: या डिस्कची झीज जाडीपेक्षा वजनावरून कळते. सेट बदलायची वेळ आली तर त्या पैशात एक छोटी गाडी येते, म्हणून आधी मोजून घ्या.

१६. रिमॅप आणि एक्झॉस्ट केलेला आहे. फायदा समजू की धोका?

विकणारा खर्च मोजून दाखवेल, तुम्ही मात्र त्याला एक रुपयाही वाढवून देऊ नका. काम कोणी केलं, मूळ फाइल आणि मूळ पाइप आहेत का, हे विचारा. मूळ पार्ट डिकीत नीट ठेवलेले असतील तर मालक जबाबदार. कायद्याच्या बाजूने पाहिलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं आहे. विमा कंपनीला न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी अंगाशी येतो, तो वेगळाच.

१७. टेस्ट ड्राइव्ह कुठे घ्यावी? पाम बीचवर पळवून बघू का?

पळवू नका, कॅमेरे आहेत आणि चलन मालकाच्या नावावर जाईल. वेगाने काही कळतही नाही. खराब रस्त्यावर खिडक्या बंद, एसी आणि गाणी बंद करून हळू चालवा. नंतर येऊरचा चढ, मग जॅम. तापमानाचा काटा आणि पंख्याचा आवाज जॅममध्येच बोलतात. बसण्याआधी विमा चालू आहे ना, ते बघा.

१८. दिल्लीची किंवा पाँडिचेरी पासिंगची गाडी बरीच स्वस्त मिळते. घ्यावी का?

स्वस्ताईचं कारण बहुतेक वेळा कागदातच असतं. दिल्लीत १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आहेत, म्हणून तिथली गाडी इकडे येते. पाँडिचेरीत रोड टॅक्स कमी, म्हणून महागड्या गाड्यांची नोंदणी तिकडे व्हायची. परराज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा टॅक्स भरावा लागतो. तो आकडा आरटीओतून काढा आणि किमतीत मिळवा. बहुतेक वेळा स्वस्ताई तिथेच संपते.

परदेशातून आलेली गाडी असेल तर बिल ऑफ एंट्री आणि ड्युटी भरल्याची पावती मागा. कार्नेटवर आलेली गाडी काही काळासाठी आलेली पाहुणी असते, तिला परत जायचं असतं. ती विकत घेतलीत तर कस्टम्सवाले उद्या तुमच्या दारात येतील.

१९. टोकन दिलं आणि नंतर तपासणीत दोष निघाला. पैसे परत मिळतात का?

लिहून घेतलं असेल तर. टोकन देतानाच व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ टाका: ‘तपासणीत मोठा दोष निघाल्यास पूर्ण रक्कम परत’, आणि समोरून ‘ओके’ मिळवा. तेवढाही पुरावा हाताशी असणं बरं. तोंडी शब्दावर टोकन देऊ नका, मग तो ओळखीचा का असेना.

२०. रिपोर्टमध्ये दहा-बारा दोष आलेत. सोडून देऊ?

जुन्या स्पोर्ट्स कारच्या रिपोर्टमध्ये दोष नसतील तर मला मेकॅनिकचाच संशय येतो. प्रत्येक दोषापुढे पार्ट आणि मजुरीचा अंदाज लिहून घ्या आणि त्या कागदासह बोला. ‘थोडं कमी करा’ म्हणणाऱ्याला पाच हजार कमी होतात, कागद दाखवणाऱ्याला पुष्कळ जास्त. सोडायची ती तीन कारणांनी: पाण्यात बुडालेली, चासी वाकलेली, कागद संशयास्पद. बाकी सगळं पैशाचं गणित.

२१. तपासणी स्वच्छ निघाली, घेतली आणि तीन महिन्यांत गिअरबॉक्स गेला. मेकॅनिककडून भरपाई मागू?

मागून मिळणार नाही. त्याने त्या दिवशीची गाडी पाहिली. गिअरबॉक्स न उघडता आतलं बेअरिंग कुणालाच दिसत नाही. काय तपासलं नाही, तेही रिपोर्टमध्ये लिहून घ्या, म्हणजे धोका कुठे आहे ते आधीच कळतं. आणि मालकी बदलल्यावर १४ दिवसांत विमा स्वतःच्या नावावर करायला अर्ज द्या. गिअरबॉक्सचं नुकसान विम्यात येत नाही, पण परतीच्या वाटेवर माजिवड्याला मागून टेम्पो लागला तर येतं.

२२. पावसाळ्यात गाडी बघायला जावं का?

जरूर जा, पण दोनदा. भर पावसात छत, दरवाज्यांची रबरं आणि पाण्याच्या नळ्या स्वतःच चाचणी देतात, आणि ओल्या वासाला परफ्यूम झाकू शकत नाही. रंग मात्र ओल्या गाडीवर दिसत नाही, त्यासाठी एखादी कोरडी सकाळ शोधा. जुलैत बाजारही मंद असतो, विकणाऱ्याकडे वेळ असतो. बहुतेक वेळा चहाही मिळतो.